दुबळ्या शिफारसपत्रांचा प्रश्न

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनाच्या निमित्ताने हिंजवडी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीसांनी आम्हांस "विद्यार्थ्यांना उपयुक्त अशा कोणत्याही विषयावर" बोलावयास सांगितले. एवढी मोकळीक मिळाली म्हणजे निवृत्त शिक्षक बहुधा शिस्त, चारित्र्य किंवा मातृभाषा यांपैकी एकाचा आश्रय घेतो, आणि श्रोते भोजनाची वाट पाहू लागतात. आम्ही त्यापेक्षा रुक्ष विषय निवडला आहे. परदेशी वैद्यकीय शिक्षणाकरिता अर्ज करणाऱ्या आपल्या मुलामुलींची शिफारसपत्रे दुबळी का असतात, आणि ती तशी असल्यास काय करावे, हा तो विषय होय.

आमचा अधिकार काय, असे कोणी विचारील. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. प्राथमिक शाळेत आयुष्य गेले. वैद्यकशास्त्रातले आम्हांस काही कळत नाही. परंतु दाखले, प्रमाणपत्रे आणि पत्रे लिहिण्यात व वाचण्यात जितकी वर्षे आमची गेली, तितकी या सभागृहात फार थोड्यांची गेली असतील. शिवाय ज्या गावात आपण आज जमलो आहोत त्याचेच पाहा. मुळशी तालुक्यातील हे शेतीचे गाव. म्हातोबाच्या बगाडासाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध. राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभे राहिले आणि एका पिढीत येथील चावडीवरच्या गप्पांत व्हिसा, डॉलर आणि अर्जाच्या मुदती हे शब्द शिरले. आमच्या ओसरीवर येणारे पालक पूर्वी जन्मतारखेचा दाखला मागत, आता ते म्हणतात, "गुरुजी, एक जोरदार लेटर पाहिजे."

प्रथम एक गैरसमज दूर करू. आपल्या देशात एम्.बी.बी.एस्.च्या प्रवेशास शिफारसपत्र लागत नाही. त्याकरिता आता नीट ही एकच परीक्षा देशभर आहे. तिचे गुण, राखीव जागांचे नियम आणि विद्यार्थ्याने भरलेले पसंतिक्रम यांवर जागा ठरते. पदव्युत्तर प्रवेशाचेही तसेच. तरीही एका सद्गृहस्थांनी आम्हांस विचारले की, अर्जासोबत आमदारसाहेबांचे पत्र जोडले तर बिघडले कुठे? बिघडत काही नाही. जोडावयास जागाच नाही.

पत्रे लागतात ती परदेशाकरिता. इंग्लंडात बारावीनंतर थेट वैद्यकीय महाविद्यालयात जावयाचे तर यूकास या संस्थेमार्फत अर्ज करावा लागतो. वैद्यकाची मुदत १५ ऑक्टोबर, म्हणजे इतर बहुतेक विषयांच्या आधी, आणि सोबत शाळेकडून एक अभिप्राय जातो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांतील नातवंडांना तेथील पदवी घेतल्यानंतर वैद्यकीय महाविद्यालयाचा अर्ज करताना प्राध्यापकांची अनेक पत्रे लागतात. आणि सर्वांत मोठा वर्ग म्हणजे येथे एम्.बी.बी.एस्. होऊन रेसिडेन्सीसाठी अमेरिकेस जाऊ इच्छिणारे तरुण. त्यांचा अर्ज इरास नावाच्या यंत्रणेतून जातो, आणि प्रत्येक रुग्णालयाच्या कार्यक्रमास चारपर्यंत पत्रे धाडता येतात. पत्र लिहिणारा ते स्वतः चढवितो; अर्जदाराच्या हातून ते जात नाही. तिकडे १९७४ च्या एका कायद्याने विद्यार्थ्यांस आपल्याविषयीचे कागद पाहण्याचा हक्क मिळाला, परंतु शिफारसपत्रापुरता तो हक्क सोडल्याचे लिहून देण्याची सोय आहे आणि बहुतेक अर्जदार तो सोडतात. कारण न सोडल्यास वाचणाऱ्यास वाटते की पत्र भिडेखातर लिहिले असावे.

येथे खरी अडचण सुरू होते, आणि ती आपल्या एका शब्दात दडलेली आहे. शिफारस या शब्दाचा वास आपल्याकडे वशिल्याचा आहे. 'शिफारस आणा' असे म्हटले की आपल्या मनात प्रथम प्रश्न उठतो तो 'कोणाची ओळख आहे?' हा. त्यामुळे आपण पत्र मागावयास जातो ते मोठ्या माणसाकडे. त्याने आपल्या मुलीस कधी पाहिले आहे की नाही, हे आपल्याला गौण वाटते. परदेशातील निवडसमिती ज्यास शिफारसपत्र म्हणते ती वस्तू निराळी आहे. ती साक्ष आहे. न्यायालयात साक्षीदारास विचारतात, तुम्ही काय पाहिले? गावचा पाटील झाला तरी ऐकीव गोष्टीवर त्याची साक्ष टिकत नाही, आणि रस्त्यावरचा भाजीवाला डोळ्यांनी पाहिलेले सांगू लागला की न्यायाधीश लेखणी उचलतो. दुबळे पत्र बहुधा अशाच पाटलाचे असते.

असे पत्र कसे असते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. "सदर विद्यार्थिनी हुशार, कष्टाळू व नम्र असून चांगल्या घराण्यातील आहे. तिचे वर्तन समाधानकारक आहे. तिच्या उज्ज्वल भवितव्यास आमच्या शुभेच्छा." यात एकही शब्द निंदेचा नाही, तरीही या पत्राने मुलीचे नुकसान होते. नाव बदलले तर ते कोणासही चालेल, आणि जे कोणासही चालते ते कोणाच्याच कामाचे नाही. 'समाधानकारक' हा शब्द आमच्या शाळाखात्यात आम्ही चांगल्या अर्थाने वापरीत असू. तिकडे तो वाचणाऱ्यास असे वाटते की लिहिणाऱ्याजवळ याहून अधिक सांगण्यासारखे काही नव्हते. म्हणून आपल्या इंग्रजी पत्रांतील हे जुने कचेरीचे शब्द विशेष सांभाळावे लागतात.

आता एक सत्य हकीकत सांगतो; नावे सांगत नाही. आमच्या हाताखाली पहिली ते चौथी शिकलेली एक मुलगी पुढे एम्.बी.बी.एस्. झाली आणि अमेरिकेच्या परीक्षा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. पत्रांचा प्रश्न आला तेव्हा तिच्या वडिलांनी आग्रह धरला की, पहिले पत्र विभागप्रमुखांचेच पाहिजे. प्रमुख थोर होते, पण वर्गात दीडशे मुले. त्यांनी तिला ओळखले नाही. ते म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो."

हे वाक्य आपल्याकडे इतके रूढ झाले आहे की त्यात काही वावगे आहे असे कोणास वाटत नाही. मुलीने रात्री बसून स्वतःचीच स्तुती लिहिली. तिचा मसुदा घेऊन ती आमच्याकडे इंग्रजी तपासावयास आली. आमचे इंग्रजी ते केवढे! परंतु वाचताच एक गोष्ट ध्यानात आली. मसुद्यातली भाषा आणि तिच्या अर्जातल्या निवेदनाची भाषा एकच होती. तीच विशेषणे, तीच वळणे. जो मनुष्य एका दिवसात असे पन्नास अर्ज वाचतो त्यास हे कळणार नाही काय? शिवाय स्वतःविषयी लिहिताना भल्या घरची मुलगी संकोचते, आणि संकोच झाकण्याकरिता मोठमोठी विशेषणे वापरते. आम्ही तसे बोललो. वडिलांना ते रुचले नाही. पत्र तसेच गेले. त्या वर्षी तिला एकही मुलाखत आली नाही. अर्जांची फी डॉलरांत भरलेली, ती गेली, आणि मुलीचे एक वर्ष गेले.

पुढल्या वर्षी ती एकटीच आली. "गुरुजी, आता कोणाकडे जाऊ?" आम्ही विचारले, तुला काम करताना कोणी पाहिले आहे? ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग एका तरुण अधिव्याख्यात्याचे नाव तिने घेतले. इंटर्नशिपमध्ये ग्रामीण आरोग्यकेंद्रावर ते तिच्यासोबत होते. पावसाळ्यात एका रात्री सर्पदंशाचा रुग्ण आला. घोणस चावली की रक्त गोठत नाही. ते पाहण्याची एक साधी परीक्षा असते. काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे न हलविता ठेवावयाचे आणि मग नळी कलती करून पाहावयाचे. नळी स्वच्छ आणि कोरडी पाहिजे, नाही तर निष्कर्ष फसतो. परिचारिकेने पुढे केलेली नळी धुतलेली पण ओली होती. मुलीने ती बाजूस ठेवली, कोरडी नळी शोधून आणली, घड्याळ पाहून वेळ लिहिली आणि वीस मिनिटे तेथून हलली नाही. अधिव्याख्याते दारात उभे राहून पाहत होते.

या गृहस्थांना पद नव्हते, परदेशात नाव नव्हते. आम्ही मुलीस सांगितले, त्यांच्याकडे जा आणि स्पष्ट विचार, "सर, माझ्या कामाविषयी आपणांस सविस्तर आणि चांगले लिहिता येईल काय?" या प्रश्नात 'चांगले' हा शब्द अवश्य पाहिजे. ज्यास लिहिता येत नसेल तो अशा वेळी अडखळतो, वेळ नाही म्हणतो, विषय बदलतो. त्याचे आभार मानून उठावे. नकार देणाऱ्याने आपले नुकसान टाळलेले असते. त्याचा राग धरणे हे अडाणीपणाचे आहे. अधिव्याख्याते अडखळले नाहीत. तेही प्रथम म्हणालेच, "तू लिहून आण." यावर काय करावे ते आम्ही आधीच ठरविले होते. पत्र लिहून न्यावयाचे नाही, टिपण न्यावयाचे. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत त्यांच्या हाताखाली काम केले, कोणते रुग्ण पाहिले, कोणत्या प्रसंगी त्यांनी स्वतः काही पाहिले, कोणत्या विषयाकरिता अर्ज आहे, मुदत केव्हा. आणि एखादी उणीव, जी वर्षभरात भरून काढली. एक पान, विशेषण एकही नाही. अशा टिपणावरून कामाच्या घाईतला मनुष्यही अर्ध्या तासात पत्र सांगू शकतो, आणि ते पत्र त्याचे स्वतःचे होते.

त्या पत्रात ओल्या नळीची हकीकत आली. पुढे एका मुलाखतीत तिला तोच प्रसंग विचारण्यात आला. तिला जागा मिळाली. लहानशा शहरात, पण मिळाली. पत्रामुळेच मिळाली असे म्हणणे धाडसाचे होईल, कारण त्या वर्षात तिने इतरही कष्ट घेतले. परंतु मुलाखतीस बोलावणाऱ्यांनी तिच्या परीक्षेतल्या गुणांविषयी काही विचारले नाही, नळीविषयी विचारले, एवढे ती स्वतः सांगते.

कोणी म्हणेल, अमेरिकेतील डॉक्टरांच्या पत्रास अधिक वजन असते. ते खरे आहे. म्हणूनच आपली मुले महिना-दोन महिने तेथील रुग्णालयांत निरीक्षक म्हणून जातात. परंतु निरीक्षकास रुग्णास हात लावता येत नाही. तो डॉक्टरांच्या मागून फिरतो. मग तो डॉक्टर तरी काय लिहिणार? वेळेवर येत असे, प्रश्न चांगले विचारीत असे. तेही एक पत्र असावे. परंतु सर्व चारही तशीच असू नयेत. निदान एका पत्रात अर्जदार काम करताना दिसला पाहिजे.

या प्रसंगी आम्हांस डॉ. आनंदीबाई जोशी यांचे स्मरण होते. त्यांचे चरित्र आपण लहानपणी वाचले आहे. परंतु शिफारशीच्या दृष्टीने ते फारसे कोणी वाचलेले दिसत नाही. कल्याणची ही मुलगी. दहा दिवसांचे मूल गमावले तेव्हा वय चौदा. तिने डॉक्टर व्हावे म्हणून पती गोपाळराव यांनी अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांस पत्र लिहिले. वाइल्डर पूर्वी कोल्हापुरास होते, म्हणजे मोठ्या ओळखीचा मार्ग. त्यांनी पत्र आपल्या नियतकालिकात छापले खरे, परंतु मदतीस ख्रिस्ती होण्याची अट जोडली. याहून दुबळी शिफारस कोणती? शिफारस करणाऱ्याने मुलीस पाहण्याऐवजी स्वतःचे उद्दिष्ट पाहिले. गोपाळरावांनी ती अट मानली नाही. १८८० साली न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी दंतवैद्याच्या दिवाणखान्यात वाट पाहत असताना ते छापील पान वाचले आणि त्यांनी स्वतः होऊन पत्र धाडले. त्यांच्याशी आनंदीबाईंचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षे चालला. समुद्र ओलांडण्यापूर्वीच त्या बाईंस ही मुलगी पुरती ठाऊक झाली होती. पुढे ज्या घरी आनंदीबाई उतरल्या ते याच बाईंचे.

१८८३ च्या जूनमध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, आनंदीबाईंनी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयास अर्ज लिहिला. तो अर्ज आमच्या मते प्रत्येक अर्जदाराने वाचावा. त्यात त्यांनी आरंभीच मान्य केले की प्रवेशाच्या काही अटींत आपण उण्या पडत असू. उणीव का राहिली तेही सांगितले. इंग्रजी शिकताना आलेल्या अडचणी सांगितल्या. आणि मग सांगितले की, मित्र आणि ज्ञाती यांच्या एकवटलेल्या विरोधास न जुमानता आपण येथवर आलो आहोत, आणि स्त्रियांच्या ज्या दुखण्यांत पुरुष वैद्याकडे जाण्यापेक्षा त्या मरण पत्करतात त्यांवर आपल्याला उपाय करावयाचे आहेत. ज्ञातिमंडळाच्या व्यासपीठावरून हे सांगताना आम्हांस संकोच वाटत नाही: ज्ञातीने त्यांस शिफारस दिली नव्हती, विरोध दिला होता, आणि तो विरोधच त्यांनी अर्जात पुराव्यादाखल ठेवला. अधिष्ठात्या रेचल बॉडली यांच्या महाविद्यालयाने प्रवेश दिला आणि शिष्यवृत्तीही दिली. ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आपल्या या पुण्यातच, बावीस वर्षे पुरी होण्याआधी, त्या गेल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रीविभागाच्या जागेवर त्यांची नेमणूक झाली होती.

डॉ. रखमाबाई यांची गोष्ट उलट बाजूने तेच सांगते. त्या १८८९ साली लंडनच्या महिला वैद्यकीय विद्यालयात गेल्या तेव्हा त्यांच्या पाठीशी मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पीची होत्या. पीचीबाई स्वतः डॉक्टर, आणि रखमाबाईंस जवळून ओळखणाऱ्या. ज्या मुलीविरुद्ध अर्धी मुंबई बोलत होती, तिच्या बाजूने जाणत्या माणसाची एक साक्ष पुरली.

आता, पत्र दुबळे गेले आहे असा संशय आला तर काय करावे? प्रथम, लिहिणाऱ्याकडे जाऊन 'काय लिहिलेत' असे विचारू नये. हक्क सोडला तो सोडला. इरासमध्ये कोणते पत्र कोठे धाडावयाचे हे अर्जदार ठरवितो. त्यामुळे नवे, अधिक जाणकाराचे पत्र मिळवून पुढील अर्जांस ते जोडता येते, आणि जे पत्र कोठेच नेमले नाही ते कोणी वाचीत नाही. इंग्लंडच्या अर्जात अभिप्राय एकच. तेथे शाळेशी आधीच बोलले पाहिजे. २०२४ च्या प्रवेशापासून त्या अभिप्रायाचे तीन भाग झाले आहेत, आणि त्यांतील एक भाग खास अडचणींकरिता आहे. वडिलांचे आजारपण, शाळा बदलणे, अशी कारणे तेथे शाळेने लिहावयाची असतात. आपली मुले ती लाजेने सांगत नाहीत आणि शाळेस ती कळत नाहीत. आणि सर्वांत शेवटी स्वतःचे निवेदन. ज्या गोष्टीस साक्षीदार मिळाला नाही ती तेथे तारखेनिशी, कामानिशी सांगावी. परंतु 'माझ्या प्राध्यापकांनी मला न्याय दिला नाही' असा सूर चुकूनही लावू नये. वाचणाऱ्यास प्राध्यापक दिसत नाही, तक्रार करणारा दिसतो.

आता थोडे घरचे बोलतो. अध्यक्षमहाराज समोरच बसले आहेत. त्यांची क्षमा मागून बोलतो. मंडळाच्या छापील कागदावर दर वर्षी पंधरावीस शिफारसपत्रे जातात. अध्यक्षांची सही, गोल शिक्का, खाली नोंदणी क्रमांक. शिष्यवृत्तीकरिता किंवा वसतिगृहाकरिता ही पत्रे योग्यच आहेत. कुटुंबाची परिस्थिती मंडळास ठाऊक असते, तेव्हा ती साक्षच आहे. परंतु जिला कार्यकारिणीतील एकानेही रुग्णाजवळ उभी असलेली पाहिलेली नाही, ती उत्तम डॉक्टर होईल असे मंडळाने परदेशी कोणत्या आधारावर लिहावयाचे? शिवाय वाचणारा परका मनुष्य त्या शिक्क्याचा अर्थ असा करतो की, मुलीस ओळखणारा एकही शिक्षक मिळाला नाही म्हणून जातभाईंचे पत्र आणले. मुलगी चार पत्रांची जागा मोजून वापरते. त्यातली एक आपण मायेने वाया घालवितो.

आमची सूचना अशी की, वैद्यकीय अर्जांकरिता मंडळाने शिफारसपत्र देणे यंदापासून बंद करावे, आणि त्या ऐवजी आपल्या ज्ञातीतील जे डॉक्टर स्वतः या वाटेने गेले आहेत त्यांनी मुलांची टिपणे आणि निवेदने वाचून द्यावी. हा ठराव कार्यकारिणीपुढे ठेवण्याचे चिटणीसांनी मान्य केले आहे. त्याला विरोध होईल, हे आम्ही जाणून आहोत. कित्येक पालकांना वाटेल की मंडळ मदतीस नाही म्हणते. त्यांनी आमच्याशी भांडावयास अवश्य यावे.

तोवर आम्ही दर रविवारी सकाळी दहा ते बारा मंडळाच्या खोलीत बसू. ज्यांना पत्रे मागावयाची आहेत त्यांनी येताना एक कोरा कागद आणि आपली रोजनिशी आणावी. कोणत्या दिवशी कोणाच्या हाताखाली काय काम केले ते आपण बसून लिहून काढू. पालकांनी आल्यास बाहेरच्या ओसरीवर बसावे. तेथे चहाची सोय आहे.